सल्फर म्हणजे पाणी

८ जानेवारी

उच्चारबाईंनी सांगितलं आहे की सर दिवसभरात जे जे बोलतील ते लिहून ठेवायचं. (त्यांचा खरा हुद्दा लांबलचक आहे, वाचा-उपचारतज्ज्ञ की काय. आमच्या घरात त्या उच्चारबाईच झाल्या.) म्हणून लिहिते.

आज सर बोलले: काही नाही.

एवढंच लिहून पान सोडून द्यायचं जिवावर आलं. कॉन्व्हेंटमध्ये अर्धं पान कोरं सोडलेलं सिस्टरना खपत नसे. कागद झाडापासून होतो, झाडाला विचारलंस का, म्हणायच्या. तेव्हा भरते.

सर म्हणजे माझे यजमान. अवघं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही म्हणू लागले ती कायमचीच. पुढच्या खोलीत त्यांचा रसायनशास्त्राचा क्लास चाले. चार चार तुकड्या यायच्या आणि दाराबाहेर चपलांचा डोंगर व्हायचा. ऑक्टोबरात झटका आला. उजवा पाय बराचसा परत आला, काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जातात. हात अर्धा आला. वाचा मात्र गेली ती गेलीच. ज्या माणसाच्या आवाजाने खालच्या मजल्यावरचं पोर अभ्यासाला बसायचं, तो माणूस दिवसभर खिडकीकडे बघतो.

१२ जानेवारी

उच्चारबाईंनी विचारलं, यांना काय तोंडपाठ होतं? प्रार्थना, गाणं, काहीही. मी म्हटलं, मूलद्रव्यं. कपाटामागे गुंडाळून ठेवलेला आवर्तसारणीचा तक्ता काढला, पुसला आणि त्यांच्या खुर्चीसमोर लावला.

उच्चारबाईंनी नुसतं ‘हायड्रोजन’ म्हटलं. सर वळले आणि ‘हेलियम, लिथियम, बेरिलियम’ करत थेट कॅल्शियमपर्यंत पोचले. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. चहा बशीत सांडला.

उच्चारबाईंनी लगेच लगाम घातला. म्हणाल्या, हे वारांची नावं म्हटल्यासारखं आहे, जीभ आपली घसरत जाते, माणूस बोलतोय असं समजू नका. समजायचं नाही तर नाही. आज तीन महिन्यांनी घरात त्यांचा आवाज झाला, एवढं तरी लिहायला हरकत नसावी.

२१ जानेवारी

आज सकाळी ‘सल्फर’ म्हणून ओरडले. मला वाटलं कसला वास येतोय. गॅस बघितला, खिडक्या उघडल्या, गटाराचं झाकणही बघून आले. परत येते तर ‘सल्फर, सल्फर’ आणि काठी आपटणं. शेवटी डाव्या हाताने रिकामा पेला ढकलून दिला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पाणी हवं होतं.

जेवताना ताट सरकवलं आणि ‘पोटॅशियम’ म्हणाले. दुपारी कोपर भिंतीला खरचटलं तर ‘ब्रोमिन’. मी न्हाणीघराकडे नेऊ लागले, तर माझ्याकडे असं बघितलं, जसं पहिल्या चाचणीत नापास झालेल्या पोराकडे बघायचे.

२४ जानेवारी

सापडलं.

भाजीत मीठ नव्हतं. मीठ म्हणजे सोडियम. सोडियमच्या खालच्या घरात पोटॅशियम. जखमेला लावायचं आयोडीन, त्याच्या वरच्या घरात ब्रोमिन. पाण्यातला ऑक्सिजन, त्याच्या खाली सल्फर. काल चष्म्यासाठी ‘जर्मेनियम’ म्हणत होते. काच म्हणजे सिलिकॉन, आणि खाली बोट नेलं तर जर्मेनियम.

सर चुकतात, पण आडवे चुकत नाहीत. उभे चुकतात. शेजारचं मूलद्रव्य एकदाही तोंडातून आलेलं नाही, त्याच गणातलं येतं. म्हणजे जिभेला जे सापडत नाही ते डोक्यात जागच्या जागी आहे. मी त्यांना तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं, ‘सल्फर म्हणजे पाणी ना?’ त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. किती तरी वर्षांनी त्यांनी मला ‘बरोबर’ दिलं असेल.

आता मला गण शिकायला हवेत. क्लासच्या जुन्या पुस्तकांतून नववी-दहावीची काढली आहेत.

२ फेब्रुवारी

दुपारची जेवणं झाली की मी तक्त्यासमोर स्टूल घेऊन बसते. आमच्या सायन्सच्या सिस्टर प्रयोगशाळेत सोडियमचा मटारएवढा तुकडा पाण्यात टाकायच्या, तो पिसाळल्यासारखा पाण्यावर धावायचा आणि आम्ही मुली किंचाळायचो. मला रसायनशास्त्र घेऊन पुढे शिकायचं होतं. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी हे स्थळ आलं आणि सगळे म्हणाले, नशीब बघा पोरीचं, रसायनशास्त्राचाच मास्तर मिळाला. मग मी रसायनशास्त्राला चहा नेऊन देत राहिले. एकदा विचारलं होतं, मलाही बसू द्या ना मागच्या बाकावर. सर हसले होते. ‘तुला काय करायचंय?’ बरोबरच होतं. पोळ्या कुणी लाटल्या असत्या?

आज आवर्त आणि गण मला आमच्या इमारतीवरून कळले. वरची दोनच घरांची ओळ आणि मधला धातूंचा जमाव तूर्त बाजूला ठेवला तर प्रत्येक आडव्या ओळीत आठ घरं, आणि आमच्या मजल्यावरही दारं आठच. मजला म्हणजे आवर्त. एका मजल्यावरच्या सगळ्यांना जिने सारखेच चढावे लागतात, तशी एका आवर्तातल्या सगळ्यांच्या अणूंना कवचं सारखी. पण म्हणून स्वभाव सारखे नाहीत. पहिल्या दारातली बाई हातात एक काही जास्त झालं की कुणाला तरी देऊन मोकळी होते, ती आमची सोडियम. सातव्या दारातल्या गृहस्थांना कायम एक काहीतरी कमी असतं, एक लिंबू आहे का, एक काडेपेटी आहे का. ते क्लोरीन. आठवं दार आमचं.

गण म्हणजे वरखालची घरं. कवचं निराळी, पण सगळ्यांत बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉन तेवढेच, म्हणून वागणं एकसारखं. आमच्या स्वयंपाकघराखाली खालच्या वहिनींचं स्वयंपाकघर, त्याखाली आणखी एक. सगळ्यांची खिडकी त्याच अंधाऱ्या बोळात उघडते. वहिनींचे सासरे अंथरुणाला आहेत. मी खोकले की त्या खालून विचारतात, काय झालं. आमची ओळख तेवढीच, खिडकीतून. जिन्यात भेटलो तर एकमेकींना ओळखू की नाही शंका आहे.

सरांना हे सगळं सांगितलं. वाटलं चिडतील, शास्त्राचा स्वयंपाक केलास म्हणून. पण ते ऐकत होते.

९ फेब्रुवारी

उच्चारबाई आल्या. मी मोठ्या हौसेने सगळं दाखवलं. त्यांनी माझी पाठ थोपटली, मग म्हणाल्या, ‘ताई, एक सांगू? तुम्ही फार लवकर समजून घेताय. सल्फर म्हटल्यावर लगेच पाणी देऊ नका. पेला हातात धरा आणि थांबा. गरज पडली की शब्द येतो.’

मी हो म्हटलं. संध्याकाळी पेला घेऊन थांबलेही. त्यांचा चेहरा लाल झाला, ओठ थरथरले. घोटभर पाण्यासाठी माणसाला रडवायचं? दिलं.

त्या तरुण आहेत. त्यांनी पुस्तकातला रोगी पाहिला आहे.

१५ फेब्रुवारी

घारीचा फोन. घारी म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण. डोळ्यांवरून पडलेलं नाव, आता मोतीबिंदू काढला तरी चालू आहे. सायन्सच्या सिस्टर नव्वदीच्या झाल्या. मार्चअखेर त्यांना संस्थेच्या वृद्धाश्रमात पाठवणार आहेत, पार दूर, आगगाडीने दोन दिवसांवर. तिथून कुणी परत येत नाही. त्याआधी आमच्या वर्गाच्या मुली (मुली!) दोन रात्री कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर राहणार आहेत, त्याच लोखंडी पलंगांवर. वीस आणि एकवीस मार्च.

घारी म्हणाली, ‘सिस्टर सारख्या तुझं विचारतात. ती तिसऱ्या बाकावरची, पोटॅशियम चिमट्यात धरायला न घाबरणारी.’

मी म्हटलं, बघते. घारी म्हणाली, तू लग्न झाल्यापासून बघतेच आहेस.

तसं काही नाही. लग्नानंतर मी एकटी कुठे राहिले नाही हे खरं, पण तसा प्रसंगच आला नाही. एकदोनदा ठरलं होतं, नेमकी सरांची तब्येत बिघडली.

२० फेब्रुवारी

एक नवल शिकले. मला वाटायचं, आवर्तात डावीकडून उजवीकडे जावं तसा अणू मोठा होत जात असेल. प्रत्येक घरात एकेक इलेक्ट्रॉन वाढतो ना. पण उलटंच आहे. कवच तेच राहतं आणि केंद्रातली ओढ वाढत जाते, त्यामुळे अणू आत आत खेचला जातो आणि लहान होतो. वाढत जायचं आणि लहान व्हायचं. आणि गणात खाली उतरलं की उलटं: प्रत्येक मजल्याला एक कवच वाढतं, शेवटचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर राहतो, पकड सैल होते. म्हणून पोटॅशियम सोडियमपेक्षा जास्त उसळतं. निसटायला तयारच असतं.

सरांना म्हणून दाखवलं. ‘सिलिकॉन,’ म्हणाले. वरच्या घरात कार्बन, म्हणजे पेन्सिल मागत असावेत असं वाटून दिली. डाव्या हाताने पुस्तकात माझ्या चुकलेल्या एका खुणेवर रेघ मारली. दुपार कशी गेली कळलं नाही. खरं लिहायचं तर आमच्या लग्नातल्या इतक्या चांगल्या दुपारी मला आठवत नाहीत. लोक ऐकतील तर काय म्हणतील, नवऱ्याची वाचा गेली आणि बाईला बरं वाटतंय.

२७ फेब्रुवारी

मी खोलीत नसले की सर हल्ली एक हाक मारतात: ‘आर्गॉन.’ आधी वाटलं काहीतरी हवंय. वरचं निऑन बघितलं, खालचं क्रिप्टॉन बघितलं, कशाचाच मेळ बसेना. मग लक्षात आलं की मी आले की हाक थांबते. आर्गॉन म्हणजे मी.

आठवा रकाना, शेवटचं दार. याच्या बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन, पुरेपूर. कुणाला काही देणं नाही, कुणाकडून काही घेणं नाही, कशाशी संयोग नाही. पुस्तकात लिहिलंय की विजेच्या दिव्यात तो भरून ठेवतात, म्हणजे आतली तार जळत नाही, जास्त दिवस टिकते. किती छान. मी ते पान त्यांना वाचून दाखवलं आणि त्यांचा हात हातात घेतला.

उच्चारबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘तुम्हाला नावाने कधी हाक मारायचे का?’ म्हटलं, नाही हो, ‘अगं’ म्हणायचे. आमच्या पिढीत तसंच.

५ मार्च

मी औषधं आणायला खाली जाते तेवढा वेळ कामाच्या मावशी सरांजवळ येऊन बसतात. लिफ्ट बंद आहे, त्यामुळे चार मजले उतरून चढून यायला मला वेळ लागतो. परत येऊन कुकर लावला तर खालच्या वहिनी बोळातून म्हणाल्या, सरांची गाडी रुळावर आली की. मघाशी मावशींना पाणी द्या म्हणाले, स्वच्छ ऐकू आलं.

मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचं तरी असेल. त्या बोळात पाच घरांचे आवाज एकत्र होतात.

९ मार्च

मावशींनाच विचारलं. म्हणाल्या, ‘मला तर नीट सांगतात. पाणी म्हणतात, चहा म्हणतात. परवा पंखा बंद करा म्हणाले.’

मी विचारलं, सल्फर नाही म्हणत?

‘ते काय असतं?’

दिवसभर मला काही सुचलं नाही. भात लागला. मग नीट विचार केला. मावशी परक्या. परक्यासमोर माणूस अंगातलं सगळं बळ एकवटून उभा राहतो, पाहुणे आले की आपण नाही का पाठ ताठ करत? माझ्यासमोर त्यांना तसं करावं लागत नाही. माझ्याशी ते मनातल्या भाषेत बोलतात. असं असताना वाईट वाटून घ्यायचं म्हणजे कृतघ्नपणाच.

पण एक आहे. मावशींच्या भरवशावर ते दोन दिवस राहू शकतील. असं म्हणायला आता हरकत नाही. घारीला कळवलं, येते.

१४ मार्च

लेकीचा फोन. ती दूर असते, पण तिची जीभ जवळ असते. म्हणाली, ‘आई, तू जा म्हणजे जा. बाबांना काही होत नाही. तूच त्यांना चमच्याने बोलायला देतेस.’ बापाची लेक, तोंडाला फडकं नाही.

सरांना तीन दिवसांपूर्वी सांगितलं. दोन रात्री, फक्त दोन. ते तक्त्याकडे बघत राहिले. त्या दिवसापासून जेवण कमी झालंय. काल ताप असल्यासारखं वाटलं, पण मापकात काही आलं नाही.

बॅग काढली. पांढरी साडी ठेवली, निळ्या काठाची. शाळेच्या गणवेशाचे तेच रंग. घारी हसेल.

१८ मार्च

मावशींना तक्ता समजावून द्यायला बसले. हे बघा, अमुक म्हणाले तर त्याच रकान्यात वर बघायचं, नाही सापडलं तर खाली. त्यांनी पदराने वारा घेत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘बाई, एवढं शिकून मला कॉलेजात जायचंय का? मी विचारीन, ते सांगतील.’

सर खुर्चीतून आमच्याकडे बघत होते. मला उगाचच चोरी पकडल्यासारखं झालं.

सकाळपासून ते एकही शब्द बोलले नाहीत. आर्गॉनसुद्धा नाही.

२० मार्च

आज जे झालं ते नीट लिहायला हवं. उच्चारबाईंनाही वाचून दाखवायचं आहे.

घारीची गाडी सकाळी खाली येऊन उभी राहिली. बाकीच्या दोघी गाडीतच होत्या, हॉर्न वाजवून दंगा चालला होता. मावशी वेळेवर आल्या. मी बॅग उचलली, सरांना वाकून सांगितलं, परवा संध्याकाळी येते, औषधाच्या पुड्या वेगळ्या करून ठेवल्यात. मी दारापर्यंत गेले. कडी काढली.

मागून आवाज आला. ‘जाऊ नकोस.’

मी वळले. ते काठीशिवाय उभे होते, खुर्चीच्या हाताला धरून. परत म्हणाले. ‘जाऊ नकोस. मला भीती वाटते.’

ऑक्टोबरपासून एक वाक्य नाही, आणि आज दोन. क्रियापदासकट. एकही चूक नाही. वरचं खाली नाही, खालचं वर नाही. मी बॅग तिथेच ठेवली आणि त्यांना धरून बसवलं. आम्ही दोघंही रडत होतो. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, तोंड फिरवून. खाली हॉर्न वाजत राहिला. मला न्यायला आधीच निघालेली घारी चार मजले चढून वर पोचली, धापा टाकत. मी तिला सांगितलं, अगं, बोलले. पूर्ण बोलले. तिने सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं तीही आनंदेल. ती म्हणाली, ‘हो, ऐकू आलं जिन्यात,’ आणि माझ्या गालावर हात ठेवून उतरून गेली.

उच्चारबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘आणि तुम्ही काय केलंत?’

म्हटलं, मी थांबले.



२१ मार्च

आज सर बोलले: आर्गॉन (अनेकदा). सल्फर. पोटॅशियम एकदा, मीठ बरोबर होतं तरी.

कालच्या श्रमाने थकले असावेत. ताप नाही. जेवण पूर्वीसारखं झालं, दोन वेळा भात मागून घेतला. मावशींना आता रोज यायची गरज नाही असं ठरवलं. त्या आल्या की सरांना परकं माणूस म्हणून ताण येतो, आणि सगळे शब्द तिकडेच खर्च होतात. इकडे साठायला हवेत.

२५ मार्च

घारीचा फोन. तिघी-चौघींनी मिळून सिस्टरना चाकाच्या खुर्चीतून प्रयोगशाळेत नेलं होतं. आता तिथे शिवणाची यंत्रं आहेत. सिस्टर म्हणाल्या, असू दे, वास तोच आहे.

उद्या त्या निघतात. त्यांची आगगाडी दुपारी आमच्या स्टेशनवर थांबते, इंजिन बदलतात म्हणून बराच वेळ. घारी म्हणाली, ‘रिक्षाने दहा मिनिटं. तू नुसती फलाटावर उभी राहा. त्यांना मी डब्याच्या खिडकीशी बसवायला सांगितलंय.’

मला इतकं जावंसं वाटलं की हातातला फोन मी दुसऱ्या हातात घेतला. मावशींनाही विचारलं, त्या हो म्हणाल्या, एका तासाचा काय प्रश्न आहे. सरांना सांगायला पुढच्या खोलीत गेले. ते खुर्चीत होते, तक्त्यासमोर. माझ्या अंगावरची बाहेरची साडी त्यांनी बघितली. ती मी नुसती लावून बघत होते. त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण हलले, मी स्पष्ट पाहिलं. काहीतरी यायच्या बेतात होतं.

घारीला कळवलं की नाही जमणार. सिस्टरना माझा नमस्कार सांग, आणि सांग की मला सगळे गण पाठ झालेत. घारीने कारण विचारलं नाही, तरी मीच सांगितलं. त्यांचं वाक्य आत्ता कुठे फुटायला लागलंय. अशा वेळी ते बोलले आणि मी घरात नसले तर ऐकणार कोण?